फुलातलं पाणी

बीडला मावशीच्या घरात मी तीन वर्षं राहिले. त्या घरात दिवसभर आवाज असत, बोलणं मात्र फार थोडं. भिंतीपलीकडे पिठाची गिरणी होती. ती सकाळी सुरू झाली की आमच्या फडताळातल्या वाट्या थरथरायच्या, आणि दुपारी बंद पडली की कान एकदम रिकामे व्हायचे. अंगणात बोर होता, त्याची मोटार लाइट असेल तेव्हा घरघरायची. काका कचेरीतून आले की रेडिओ लावत आणि रेडिओकडेच तोंड करून बसत. माझ्याशी ते दिवसातून एकदा बोलत, "जेवलीस का?" मी "हो" म्हणायचे. जेवले नसले तरी "हो"च म्हणायचे, कारण "नाही" म्हटल्यावर पुढे काय बोलायचं हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही. चांगला माणूस होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण अशा चांगल्या माणसाबरोबर तीन वर्षं काढली की आपण स्वतःशीच पुटपुटायला लागतो. ती खोड मला आजतागायत आहे. भाजीवाला विचारतो, "मॅडम, मला काही म्हणालात का?"

मावशीची तऱ्हा निराळी. ती आईची धाकटी बहीण. तिला मूलबाळ नव्हतं आणि मला आई नव्हती. मी बारावीत असताना आई गेली. उमापूरला आमचं घर माणसांनी भरलेलं, चुलते, चुलत्या, त्यांची पोरं. त्या गलक्यातून उठून एम.एस्सी.साठी ह्या दोन खोल्यांत आले तेव्हा कित्येक महिने संध्याकाळी पानावर बसलं की घास उतरत नसे. मावशीला ते दिसायचं. तिला बोलून समजूत घालता येत नव्हती, म्हणून ती रांधून घालायची. सकाळी सुशीला, म्हणजे भिजवलेले चुरमुरे फोडणीला टाकून वर दाण्याचं कूट. दुपारच्या डब्यात धपाटे आणि घट्ट दही. रात्री येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची, आमटी आणि ज्वारीची भाकरी. "खा गं, लई वाळलीस," हे तिचं पालुपद. धपाटे ती नेहमी दोन जास्तीचे बांधायची. "तुझ्या त्या मैत्रिणीला दे. होस्टेलात राहती म्हणतीस, तिला कोण करून घालणार?" एकदा तिने विचारलं, "कुणाची हाय गं ती?" मी म्हटलं, "आपल्या गेवराईकडचीच आहे." मावशी म्हणाली, "मग बरं." त्या "मग बरं"वर मी गप्प बसले. मला वाटलं, मी शहाणपणा केला.

मैत्रीण म्हणजे सुजाता. चकलांब्याची. आमच्या उमापूरच्या गाडीच्या वाटेवरच तिच्या गावाचा फाटा लागतो, पण आम्ही एकमेकींना पहिल्यांदा पाहिलं ते बीडच्या कॉलेजात, एम.एस्सी.च्या वर्गात. तिच्या घरची माणसं बौद्ध, आजोबा दुसऱ्यांच्या बागांत राबलेले, वडील सरकारी कचेरीत शिपाई, आणि एवढं शिकलेली घरात ती पहिली. उंच, सावळी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. जिभेला हाड नाही. मला ती पहिल्या दिवसापासून "पाटलीणबाई" म्हणायची. सायकल पंक्चर झाली म्हणून मी चालत आले की, "काय पाटलीणबाई, आज पायी? घोडं कुठं बांधलंत?" बीडला माझी कुणी चेष्टासुद्धा करत नव्हतं हो. चेष्टा करायला माणूस आधी जवळचं लागतं. सुजाता चिडवायला लागली आणि मला त्या शहरात बरं वाटायला लागलं, एवढं साधं होतं ते.

एम.एस्सी. झाल्यावर आम्ही दोघी सरांच्या संशोधनात मदतनीस म्हणून लागलो. सरांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांचा विषय सीताफळ. आमच्या बालाघाटाच्या उतारावर सीताफळाला तोटा नाही. झाडाला फुलं लागतात शेकड्यांनी आणि फळं धरतात मोजकी. असं का, हे सरांना शोधायचं होतं. सीताफळाचं फूल विचित्र असतं. आधी त्याचा बायकी भाग तयार होतो, त्याला आम्ही कुक्षी म्हणतो. सकाळी ती ओलसर, चकचकीत असते, परागकण धरायला तयार. काही तासांत ती सुकते, आणि त्यानंतर कुठे त्याच फुलातला पुरुषी भाग परागकण सोडतो. म्हणजे फुलाची स्वतःशीच चुकामूक. सुजाता म्हणायची, "आधी बाई असतंय, मग बुवा होतंय, अन् दोघांची भेट काही न्हाई. आपल्या कॉलेजातल्या मास्तरीणबाईंच्या लग्नावानी, नवरा एका गावी अन् ती एका गावी." ही कुक्षी नेमकी किती तास तयार असते आणि सुकताना तिचं काय होतं, हे बघायला साधा सूक्ष्मदर्शक पुरत नव्हता. पुण्याच्या एका संस्थेत इलेक्ट्रॉनचा सूक्ष्मदर्शक होता. बरेच महिने पत्रापत्री करून सरांनी त्यावरचा एक दिवस मिळवला होता. आणि त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवून स्वच्छ सांगितलं होतं, "पुढच्या वर्षी पीएच.डी.ची शिष्यवृत्ती एकीलाच मिळेल. फोटो आले की जिचं काम चोख दिसेल ती." बाहेर आल्यावर सुजाता म्हणाली, "तुला मिळाली तर मी रडीन अन् मला मिळाली तर तू रड. पण एकमेकींसमोर रडायचं." मी हो म्हटलं.

आता ते काम काय होतं हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या यंत्राच्या पोटात हवा नसते, सगळी ओढून काढलेली असते. तिथे ओला जिन्नस ठेवला की पाणी उकळून निघतं आणि जिन्नस फाटतो. म्हणून आधी फुलातलं पाणी काढायचं. पण नुसतं वाळवायचं म्हटलं तर फूल सुरकुततं, कारण पाणी जाताना नाजूक भिंतींना ओढत जातं, आणि बघायचं असतं तेच मोडतं. तेव्हा पाणी तर जायला हवं आणि फुलाला ते कळता कामा नये. फूल तोडल्या तोडल्या बागेतच एका तिखट वासाच्या औषधात टाकायचं, म्हणजे ते आहे तसं थिजतं. मग ते औषध धुऊन काढायचं. मग तीस टक्के अल्कोहोल, मग पन्नास, सत्तर, ऐंशी, नव्वद, पंच्याण्णव आणि शेवटी निव्वळ अल्कोहोल, तेही तीन वेळा. प्रत्येक पायरीवर थांबायचं. सरांनी ही रीत फळ्यावर लिहून समजावली तेव्हा मी वहीत उतरवून घेत होते, आणि सुजाता मागून म्हणाली, "ताण दिल्यावानीच हाय की, सर. मोसंबीला ताण देताना पाणी एकदम तोडलं तर झाड दगावतंय. पाळी पाळीनं तोडावं लागतंय." सर खडू हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. फळ्यावर जे तासभर लिहिलं ते तिच्या आजोबांना येत होतं.

कामं वाटून दिली होती. फुलं गोळा करणं, ती बारक्या धातूच्या चकत्यांवर चिकटवणं आणि पुण्याला नेणं माझ्याकडे. धुणं आणि पाणी काढणं सुजाताकडे. धुण्याचं पाणी म्हणजे ऊर्ध्वपातन केलेलं. ते ती स्वतः काढायची, आणि एक बाटली भरायला अर्धा दिवस जायचा. बीडचं बोरचं पाणी म्हणजे काय ते बीडच्या बायांना विचारा. घागरीला आतून पांढरा थर चढतो. मी नळाखाली हात धुऊन आले की ती ओरडायची, "ए पाटलीणबाई, त्या हातानं शिवू नको माझ्या बाटल्यांना. आधी माझ्या पाण्यानं धू." आज हे वाक्य लिहिताना हात थांबतो. तेव्हा आम्ही दोघी हसायचो.

सगळ्यात शेवटी एक रसायन असे, नाव वीतभर, आम्ही त्याला नुसतं "एचेम" म्हणत असू. अल्कोहोलच्या जागी ते घालायचं आणि झाकण किलकिलं ठेवून त्याला आपसूक उडून जाऊ द्यायचं. ते चाललं असताना पंखा लावायचा नाही, दार आपटायचं नाही. बीडचा उन्हाळा, वर पत्रे, आणि ही बाई कपाळाला फडकं बांधून तासन्‌तास बाटल्यांसमोर बसलेली. घामाचा एक थेंब पडला तरी गेलं सगळं, म्हणून ते फडकं. मी म्हणायचे, "बाहेर ये गं जरा, भाजून निघशील." ती म्हणायची, "तू जा. मला हितं बरं वाटतंय. हितं कुणी आडनाव इचारत न्हाई."

सकाळी मात्र आम्ही दोघी असायचो. उजाडता उजाडता सायकलींवर गावाबाहेर उतारावरच्या एका बागेत जायचं, तासातासाने फुलं तोडायची, बाटल्यांवर वेळ लिहायची. मधे झाडाखाली मावशीचे धपाटे. सुजाता बोटं चाटूनपुसून खायची. "तुझी मावशी मला दत्तक घेती का इचार." माझ्या सगळ्या आयुष्यात, लग्न, नोकरी, मुलगा धरून, त्या सकाळींइतकं सोबत असल्यासारखं मला पुन्हा वाटलेलं नाही. नवऱ्याने हे वाचलं तर वाचू दे. एका सकाळी तिने विचारलं, "तुझ्या मावशीला माहीत हाय का गं मी कुणाची?" मी म्हटलं, "असेल की." "असंल का हाय?" मी म्हटलं, "साडेआठ झाले, फूल तोड." ती उठली आणि तोडायला गेली.

बहार संपत आला होता. पुण्याची गाडी दुसऱ्या दिवशी पहाटेची, आणि कॉलेज पाचाला बंद. सुजाताचे बारा नमुने तयार होते, पण चकत्यांवर चिकटवायचे राहिले होते. मावशीचं घर स्टँडच्या मागेच, म्हणून मी तिला म्हटलं, माझ्या खोलीत ये, तिथेच चिकटवू. ती पहिल्यांदाच घरी येत होती. डबा छातीशी धरून रिक्षातून आली, खड्डा आला की रिक्षावाल्याला शिव्या देत.

मावशीने दारातच तिचा हात धरला. "किती दिसांनी बघायला मिळालीस गं. बस." कांदेपोहे केले, चहा टाकला. "धपाटे आवडतात ना तुला?" "लई, मावशी." "चकलांब्याची का तू? चकलांब्याला माझ्या नणंदेचं घर हाय. कुणाची?" मी पोह्यांच्या बशीत बघत होते. सुजाताने वडिलांचं नाव सांगितलं आणि त्याच सुरात पुढे म्हणाली, "आमी बौद्ध, मावशी." मावशीचा हात थांबला नाही. तिच्या बशीत आणखी एक डाव पोहे घातले. "असू दे, असू दे. खा पोटभर. किती वाळल्यात ह्या पोरी." मला इतकं हलकं वाटलं. इतके दिवस उगाच भ्यायले, मावशी किती मोठ्या मनाची, असं म्हणत मी स्वतःला चार शिव्या घातल्या.

मग आम्ही टेबलाशी बसलो. त्या वाळलेल्या कुक्ष्या इतक्या हलक्या, की श्वासाने उडाव्यात. चिमट्याने धरल्या तर चुरा. सुजाताने स्वतःच्या पापणीचा एक केस काढून काडीला चिकटवला होता, त्या केसाच्या टोकाने ती एकेक उचलून द्यायची आणि मी चकतीवर लावायची. बोलायचं नाही, श्वास बाजूला सोडायचा. अकरा चकत्या झाल्या. बारावी तिला पसंत पडेना. दोनदा लावून घेतली आणि मग एका डबीत बंद करून माझ्या हातात दिली. "ही लई नाजूक झालीय. हिला उघडी ठिऊ नको, डबीतच सावकाश सुकंल." बाकीच्यांचा गोंद सुकायला तासभर उघडं ठेवणं भाग होतं. माश्या बसू नयेत म्हणून मी त्यांच्यावर दुधावर घालायची तारेची जाळी उपडी घातली, आणि तिला कोपऱ्यावर रिक्षात बसवायला गेले. रिक्षात बसताना ती म्हणाली, "मावशी चांगली हाय तुझी. तू उगाच लपवीत व्हतीस." म्हणजे तिला ते कळलेलं होतं.

परत यायला मला पाव तास लागला असेल. माझ्या खोलीत मावशी उभी होती. हातात तांब्या, त्यात बोरचं पाणी आणि थोडं गोमूत्र. वास दारापर्यंत आला. आंब्याचं पान बुडवून ती शिंपडत होती. खाटेवर, जिथे सुजाता बसली होती त्या खुर्चीवर, टेबलावर. जाळीच्या तारांवर थेंब लटकलेले मला दारातून दिसले.

"मावशी, हे काय करतीस?"

"काही न्हाई गं. उद्या चांगल्या कामाला निघालीस. तिचा काही दोष न्हाई, पोरगी लई गुणाची हाय. पण आपलं आपण करावं." मग टेबलाकडे बोट करून, अगदी मायेने, "तुझ्या फुलांवर पण दोन थेंब टाकले. येश येऊ दे म्हणून."

मावशी गेल्यावर मी जाळी उचलली आणि भिंग घेऊन बघितलं. त्या उकाड्यात पाणी तोवर आटलं होतं. सगळं जसंच्या तसं वाटलं. खरं सांगते, मी काही दिसू नये अशाच बेताने बघितलं. सायकल काढून होस्टेलवर जायला दहा मिनिटं पुरली असती. पण जाऊन काय सांगायचं होतं? तू उठून गेलीस आणि मावशीने तुझ्या मागे घर शुद्ध केलं? कोणत्या तोंडाने? आताच तर ती मावशीला चांगली म्हणून गेली होती. मला वाटलं, थेंब जाळीवरच अडकले असतील. मला वाटलं, देव करो. अकरा चकत्या डब्यात भरल्या, बारावी तिच्या डबीसकट वर ठेवली आणि जेवायला गेले. काकांनी विचारलं, "जेवलीस का?" ताट समोर होतं तरी विचारलं.

पुण्याची ती खोली अंधारी आणि गार. यंत्र चालवणारे गृहस्थ अबोल होते. त्यांनी चकत्यांवर सोन्याचा अगदी पातळ लेप दिला, एकेक आत ठेवली आणि पडद्यावर चित्र उमटायला लागलं. पहिली कुक्षी आडवी झोपलेली. दुसरीही. जिथे मऊ, टपोरे उंचवटे उभे दिसायला हवेत तिथे सगळं चप्पट, एकमेकांना चिकटलेलं, आणि त्यावर चौकोनी खडे. "हे मीठ दिसतंय," ते म्हणाले. "पाणी कुठलं वापरलं?" मी पुढची चकती त्यांच्या हातात दिली. तिसरी, चौथी, अकरावीपर्यंत तेच. मग बारावी. ती डबीतली. पडद्यावर ती उभी होती, भरलेली, प्रत्येक उंचवटा जसाच्या तसा, जणू फूल अजून झाडावर आहे. आणि कडेला परागकण, सीताफळाचे परागकण चार-चारांच्या जुडीत असतात, तशी एक जुडी कुक्षीला धरून बसलेली. ते गृहस्थ खुर्चीत पुढे सरकले. "हा हात कुणाचा?" मी म्हटलं, "आम्ही दोघी आहोत." ते म्हणाले, "दोघींचा मिळून एक हात असतो का?" मी हसल्यासारखं केलं.

बीडला सरांनी फोटो टेबलावर मांडले. आम्ही दोघी समोर उभ्या. सर फार रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. "धुणं नीट झालेलं नाही. बोरचं पाणी वापरलंय. सुजाता, डिस्टिल्ड संपलं होतं का?"

"न्हाई, सर."

"मग मीठ काय आभाळातून पडलं?"

सुजाताने एक फोटो उचलून चष्म्याजवळ नेला आणि बराच वेळ बघत राहिली. मग दुसरा. सर तोवर बाराव्या फोटोपाशी आले होते. "आणि हा? शैला, हा नमुना तू स्वतःच धुतलेला दिसतोय." मी मान हलवली. हलवली ती हो म्हणून की नाही म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही. सरांनी ती हो धरली.

सर बाहेर गेल्यावर सुजाताने फोटो खाली ठेवला. "शैले, वाटेत पाणी लागलं का गं?"

"वाटेत? नाही."

हे खरं होतं. वाटेत पाणी लागलं नव्हतं. मी फोटो गोळा करायला लागले.

शिष्यवृत्ती मला मिळाली. ठरल्याप्रमाणे तिने माझ्यासमोर रडायचं होतं, पण ती रडली नाही. चार दिवस मुकाट्याने बाटल्या धुतल्या, लेबलं काढली, कपाटाची किल्ली सरांना दिली. मी तिच्याभोवती घुटमळत राहिले. मावशीने दोन धपाटे जास्तीचे बांधलेच होते. ते मी परत आणायचे आणि गल्लीतल्या गाईला घालायचे. मावशी विचारायची, "तिला आवडले का गं?" मी म्हणायचे, "हो."

तिने होस्टेल सोडलं त्या दिवशी मीही गावी निघाले होते. मुद्दामच त्या दिवशी निघाले. तिची ट्रंक गाडीत चढवायला हात लावला, तर तिने लावू दिला. शेजारी बसलो. गेवराई मागे पडेपर्यंत ती खिडकीतून कापसाची रानं बघत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"ते डाग नीट बघितलेस का तू?"

"कुठले?"

"मिठाचे. धुण्याच्या पाण्याचा डाग सगळीकडं सारखा पसरतोय. हे गोल व्हते. एक हितं, एक तितं. शिंपडल्यावानी." ती अजून खिडकीतूनच बघत होती. "आमी उठून गेल्यावर मागं काय शिंपडत्यात, ते वळखायला मला मशीन लागत न्हाई, शैले."

"मग सरांना का नाही सांगितलंस?" हे मी विचारलं. काय बाई होते मी.

"काय सांगू? ह्यांनी माझ्या मागं घर शुद्ध केलं म्हणून माझं काम नासलं? चार दीस बाटल्या धुतल्या मी. आज बोलशील, उद्या बोलशील." मग ती माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. "ते मी सांगायचं नसतं. ते तुमी सांगायचं असतं."

चेष्टेत ती मला शंभरदा "तुमी" म्हणाली असेल. हे "तुमी" माझ्या एकटीसाठी नव्हतं. त्यात मावशी होती, काका होते, माझं उमापूरचं सगळं घर होतं, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध मला बसवून ती एकटी बाजूला झाली होती.

फाटा यायला अजून अर्धा तास होता. अर्धा तास म्हणजे पुष्कळ वेळ असतो. मी मनात वाक्य जुळवत राहिले. उद्या सरांकडे जाते. पत्र लिहिते. मला माफ कर. एकही तोंडातून बाहेर आलं नाही. गाडी थांबली, तिने ट्रंक स्वतः उतरवली, कंडक्टरने घंटी दिली. ती रस्ता ओलांडून गेली, मागे वळून बघितलं नाही, आणि का बघावं?

पुढच्या बहाराला मी एकटीने सगळं केलं. फुलं तोडली, पाणी काढलं, कपाळाला फडकं बांधून पंख्याविना बसले. फोटो चांगले आले, तिच्या बाराव्याइतके नाही. माझ्या प्रबंधात तो बारावा फोटो आहे, आणि पुढे ज्या लेखाने माझं नाव झालं त्यातही आहे. आभाराच्या पानावर मी तिचं नाव घातलं. काय लिहिलंय माहीत आहे? "नमुने धुण्याच्या कामी मदत केल्याबद्दल." ते लिहिताना मला काही वाटलं नव्हतं, उलट मी तिचं ऋण फेडतेय असं वाटलं होतं. छापून आल्यावर वाचलं आणि प्रबंध मिटून ठेवला.

मावशी माझ्या हाताचं पाणी पिऊन गेली. तिला मी कधी काही बोलले नाही. तिने दोन थेंबांनी काय केलं हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. सर मागल्या वर्षी गेले. शोकसभेत मी पंधरा मिनिटं बोलले, सीताफळावर बोलले, हे सोडून सगळं बोलले. आता सगळं लिहून काढते आहे, कारण ज्यांच्यासमोर बोलायचं होतं ती माणसं राहिली नाहीत असं मी स्वतःला सांगत असते. ते खोटं आहे. सुजाता आहे. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाली, अंबाजोगाईला असते, घर कुठल्या गल्लीत आहे तेही मला ठाऊक आहे. बीडहून दोन-अडीच तासांचा रस्ता. मी अजून गेलेले नाही.